पुरात गाव सोडताना लेकरांचं शरीर आणि मन कसं जपायचं

वैनगंगेला पूर आला की पाणी बहुतेक गावांत समोरून शिरत नाही, मागून शिरतं. नदी तुडुंब असते, त्यामुळे नाल्याचं पाणी तिच्यात उतरत नाही. ते मागे फुगतं, आधी रपटा (नाल्यावरचा ठेंगणा पूल) बुडवतं, मग धानाच्या बांध्या आणि शेवटी घरं. म्हणजे घराचा उंबरा कोरडा असतानाच गावाबाहेर जायचा रस्ता बंद झालेला असतो. वर्धा, पैनगंगा, प्राणहिता यांच्या काठच्या आणि भामरागडकडच्या गावांनाही हे नवीन नाही.

लेकरांच्या दृष्टीने सगळा फरक इथेच पडतो. दिवसाउजेडी, पोटभर जेवून, आईबापासोबत बैलगाडीत किंवा ट्रॅक्टरवर बसून शाळेतल्या निवाऱ्यात गेलेलं मूल आणि रात्री दोन वाजता अंधारात, ओल्या अंगाने, अनोळखी माणसाच्या कडेवरून डोंग्यात उतरवलेलं मूल, या दोघांचं घर सारखंच बुडालेलं असतं. पण दुसऱ्या मुलाला ताप, जुलाब, झोप उडणं, अंथरूण ओलं करणं हे सगळं जास्त आणि जास्त दिवस भोगावं लागतं. म्हणून मुलांच्या तब्येतीची पहिली पायरी औषधाची नाही, वेळेवर निघण्याची आहे.

कधी निघायचं

आपल्याकडे पूर कोरड्या आभाळाखालीही येतो. २०२० च्या ऑगस्टअखेरीस मध्य प्रदेशातल्या संजय सरोवर धरणाचं पाणी खाली आलं, वैनगंगेवरच्या गोसीखुर्द धरणाचे सगळे ३३ दरवाजे उघडले गेले आणि भंडाऱ्यापासून ब्रह्मपुरी, गडचिरोलीपर्यंत गावं पाण्यात गेली. तेव्हा ‘पाऊस तर थांबला’ हा निघायचं टाळण्याचा आधार होऊ शकत नाही. धरणाचा विसर्ग ऐकताना एकक नीट ऐका. गोसीखुर्दचा आकडा बहुधा क्युमेक्समध्ये सांगतात आणि एक क्युमेक म्हणजे सुमारे ३५ क्युसेक. आकडा लहान वाटला म्हणून पाणी कमी आहे असं समजून लोक थांबतात आणि तिथेच घोटाळा होतो.

ज्या घरात पाच वर्षांखालचं लेकरू, बाळंतीण, सिकलसेलचं (रक्ताच्या आनुवंशिक आजाराचं) मूल किंवा अपंग मूल आहे त्या घराने कोतवालाच्या दुसऱ्या दवंडीची वाट पाहू नये. पोलीस पाटलांनी सूचना दिली, रपट्यावर पाणी चढायला लागलं किंवा दिवस मावळायला तीन तास उरले, यातलं जे आधी होईल तेव्हा निघावं. वाहतं पाणी १५ सेंटिमीटर असलं, म्हणजे घोट्याच्या वर, तरी मोठा माणूस पाय घसरून पडू शकतो. ३० सेंटिमीटरला लहान गाडी तरंगायला लागते. रपट्यावरून मुलांना दुचाकीवर घालून नेण्याचं धाडस करू नका, रोजच्या वाटेवरही नाही.

पिशवी पूर येण्याआधीच भरा

विदर्भात शाळा जूनच्या अखेरीस उघडतात आणि मोठे पूर बहुतेक जुलै-ऑगस्टात येतात. मधला आठवडा-पंधरवडा तयारीला पुरतो. प्रत्येक मुलाची वेगळी पिशवी करा, खताच्या रिकाम्या पोत्याची नको. कितीही धुतली तरी तिला वास राहतो आणि लहान मुलं पिशवी तोंडात घालतात. आत जाड प्लास्टिकची थैली घाला आणि तोंड रबराने बांधा.

- कोरडे कपडे दोन जोड, टोपी, स्वेटर, पंचा. भर ऑगस्टातही ओलं अंग आणि वारा यांनी लेकरू गारठतं.
- ओआरएसची चार पाकिटं, झिंकच्या १४ गोळ्या, पॅरासिटामॉलचं औषध आणि त्याचंच मापाचं टोपण.
- भिजत न घालता खाता येईल असं दोन दिवसांचं खाणं: मुरमुरे, फुटाणे, शेंगदाणे-गूळ, राजगिऱ्याचे लाडू. पाच वर्षांखालच्यांना अख्खे फुटाणे-शेंगदाणे देऊ नका, घशात अडकतात. त्यांच्यासाठी कुटून ठेवा.
- लसीकरणाचं कार्ड, सिकलसेलचं कार्ड, आधारची झेरॉक्स. या सगळ्याचा फोटो गावाबाहेरच्या नातेवाइकाच्या मोबाइलवर पाठवून ठेवा.
- किशोरवयीन मुलीसाठी पॅड किंवा स्वच्छ सुती कापड, आणि एक गडद रंगाची ओढणी.
- मुलाने स्वतः निवडलेली एक वस्तू.

शेवटची ओळ वाचून हसू नका. तान्ह्या पोळ्याला रंगवलेला लाकडी बैल, आजीने शिवलेली गोधडी, गोट्यांची डबी, काहीही असो. रात्री परक्या जागी हाताशी आपली एक ओळखीची गोष्ट असली की लहान मूल लवकर झोपतं. बैल मोठा असेल तर त्याची चाकं काढून घ्या, पण ‘खेळणं काय करायचं’ म्हणून तो फेकू नका.

पॅरासिटामॉलबद्दल एक गोष्ट नीट समजून घ्या, कारण चूक इथेच होते. मात्रा किलोमागे १५ मिलिग्रॅम, दोन मात्रांत किमान ६ तास. दहा किलोच्या मुलाला १५० मिलिग्रॅम. बाजारात ५ मिलिलिटरमध्ये १२५ मिलिग्रॅमची बाटली मिळते आणि २५० ची पण. पहिलीतून ६ मिलिलिटर लागतील, दुसरीतून ३. बाटलीवरचा आकडा न बघता ‘एक चमचा’ दिलं तर एकात कमी पडतं, दुसऱ्यात जास्त होतं. मुलाचं वजन आणि मिलिलिटर बाटलीवरच पेनाने लिहून ठेवा. तीन महिन्यांखालच्या बाळाला ताप आला तर औषध न देता थेट दवाखान्यात न्या.

निघताना लेकराशी काय बोलायचं

‘मामाकडं फिरायले चाललो’ असं सांगून नेलेलं मूल संध्याकाळी शाळेच्या वऱ्हांड्यात बसून सगळं समजून चुकतं, आणि मग तुमच्या पुढच्या कुठल्याच शब्दावर त्याचा विश्वास बसत नाही. खरं सांगा, थोडक्यात सांगा, आणि पुढे काय होणार ते सांगा. असं काहीसं: “नदीचं पाणी वाढून राह्यलं, म्हणून आपण आज शाळेत झोपाले जाऊ. आई, आजी, तू, सारे संगच जाऊ. बाबा बकऱ्या टेकडीवर सोडून संध्याकाळी येतेत.” यात चार गोष्टी आहेत: का, कुठे, कोण सोबत, आणि जो सोबत नाही तो कधी येणार. लहान मुलाला चौथी गोष्ट सगळ्यात महत्त्वाची असते. ‘घराला काही होणार नाही’ असं वचन मात्र देऊ नका. ते आपल्या हातात नाही.

तीन वर्षांपुढच्या प्रत्येक मुलाला एक काम द्या. चार वर्षांच्याने टॉर्च धरावा. सात-आठ वर्षांच्याने घरातली माणसं मोजावी, दर थांब्यावर पुन्हा मोजावी. बारा वर्षांच्याने कागदांची पिशवी सांभाळावी. हातात काम असलेलं मूल कमी घाबरतं, कारण आपण नुसतं ओढलं जात नाही असं त्याला वाटतं. पण काम आणि जबाबदारी यांतला फरक विसरू नका. ‘छोट्याकडं तूच पहा’ म्हणून तेरा वर्षांच्या मुलीवर भावंडं सोपवली आणि त्यातलं एक पडलं, तर ती पोरगी ते ओझं वर्षानुवर्षं वागवते.

जनावरांचा विषय वेगळा. दाव्याला बांधलेली गाय-बकरी पाण्यात तशीच बुडते. निघायच्या आधी दावं सोडा, शक्य तर जनावरं आधीच उंचवट्यावर न्या आणि हे मुलाच्या डोळ्यांदेखत करा. बकरीचं पिल्लू मुलाने स्वतः वाढवलेलं असतं. ते गेलं तर ‘दुसरं घेऊ’ म्हणून दुःख उडवून लावू नका. रडू द्या.

वाटेत

हाताचा पंजा धरू नका, मनगट धरा. ओली बोटं सुटतात. वाहत्या पाण्यात मुलाला दोरीने स्वतःच्या कमरेला बांधू नका. दोरी झुडपात अडकली तर दोघंही अडकतात. डोंग्यात किंवा बचाव पथकाच्या बोटीत लाइफ जॅकेट मुलाच्या मापाचं मागा आणि दोन पायांमधून जाणारा पट्टा असेल तर तो लावलाच पाहिजे. तो नसेल तर पाण्यात पडल्यावर जॅकेट वर सरकतं आणि मूल खाली निसटतं.

‘बाया-लेकरं आधी’ हा नियम चांगला, पण अर्धवट पाळला तर घातक. एकटं मूल कधीही पहिल्या बोटीत चढवू नका, ते ओळखत असलेला एक मोठा माणूस सोबत हवाच. भावंडं एकाच बोटीत. दुसरा पालक मागे राहणार असेल तर भेटायची जागा नावाने ठरवा, ‘शाळेच्या हँडपंपाजवळ’ अशी. मुलाच्या दंडावर बॉलपेनने नाव, गावाचं नाव आणि दोन मोबाइल नंबर लिहा, त्यावर पारदर्शक चिकटपट्टी लावा. बोट सोडताना आणि उतरताना, दोन्ही वेळी पथकाच्या वहीत मुलाचं नाव लिहिलं जातंय का ते बघा. मूल हरवलं किंवा कुणाचं एकटं मूल दिसलं तर १०९८ वर फोन करा. पोलीस आणि एकूण मदतीसाठी ११२, जिल्ह्याच्या आपत्ती नियंत्रण कक्षासाठी १०७७, रुग्णवाहिकेसाठी १०८.

निवाऱ्यातला पहिला तास

पोचल्यावर पहिलं काम नोंदणीचं नाही, लेकराला कोरडं करायचं. डोकं आधी पुसा, मग ओले कपडे काढा, मग कोरडे घाला. ओल्या कपड्यांवरून चादर गुंडाळली तर उपयोग होत नाही. तान्ह्या बाळाला आईच्या छातीशी कातडीला कातडी लावून ठेवा आणि वरून लुगडं किंवा शाल घ्या. बाळ थंडगार लागतं, दूध ओढत नाही, हाक मारली तर सुस्त पडून राहतं, ही धोक्याची खूण आहे. १०८ ला लगेच बोलवा.

आईला धसका बसला म्हणून दूध आटलं, असं निवाऱ्यात हमखास ऐकू येतं. धसक्याने दूध आटत नाही, फक्त पान्हा फुटायला वेळ लागतो. आडोसा द्या, कोमट पाणी प्यायला द्या, बाळाला वारंवार लावत राहा. दात्यांनी आणलेले दूध पावडरचे डबे सरसकट वाटू देऊ नका. अस्वच्छ पाण्यात कालवलेली पावडर आणि न उकळलेली बाटली हेच तान्ह्यांच्या जुलाबांचं मोठं कारण ठरतं.

जागेचा हिशेब मुख्याध्यापकांनी आणि सरपंचांनी आधीच करून ठेवावा. आपत्तीतल्या निवाऱ्यासाठी माणशी साडेतीन चौरस मीटर हे आंतरराष्ट्रीय किमान माप आहे. २० बाय २५ फुटांच्या वर्गखोलीत या मापाने १३ माणसं बसतात. तिथे ४० कोंबली की खोकला, गोवर, खरूज आणि भांडणं एकत्र वाढतात. पाणी माणशी दिवसाला किमान १५ लिटर धरावं. कुटुंबं फोडू नका, आणि शक्य तर एका टोलीची (वस्तीची) माणसं एकाच खोलीत ठेवा. शेजारची ओळखीची मुलं दिसली की लेकरं लवकर रुळतात.

पाणी आणि जुलाब

गढूळ पाण्यात टीसीएल (ब्लीचिंग पावडर) टाकली तरी तिचा बराच भाग गाळातच खर्च होतो. म्हणून आधी चारपदरी कपड्याने गाळा, मग क्लोरीनचं औषध बाटलीवर लिहिलेल्या मापाने टाका आणि अर्धा तास थांबा. ग्रामपंचायतीच्या माणसाकडून ओटी चाचणी, म्हणजे पाण्यात क्लोरीन उरलं आहे का याची तपासणी, करून घ्या. पिवळा रंग आला तरच पाणी प्यायला योग्य. सरपण असेल तर उकळा, खळखळ उकळी फुटल्यावर किमान एक मिनिट.

जुलाब लागले तर ओआरएसचं मोठं पाकीट पूर्ण एक लिटर पाण्यात एकदम टाका. एक लिटरची पाण्याची बाटली हे सगळ्यात सोपं माप. अर्धं पाकीट पेल्यात ही सवय वाईट: जास्त खारट झालेलं द्रावण मुलाला अपाय करतं. दर जुलाबामागे दोन वर्षांखालच्याला ५० ते १०० मिलिलिटर, त्यावरच्याला १०० ते २००. चमच्या-चमच्याने द्या. उलटी झाली तर दहा मिनिटं थांबून पुन्हा सुरू करा. कालवलेलं २४ तासांनंतर फेका. झिंक १४ दिवस, सहा महिन्यांवरील मुलाला रोज २० मिलिग्रॅम, दोन ते सहा महिन्यांच्या बाळाला १०. जुलाब थांबले तरी १४ दिवस पूर्ण करा. अंगावरचं दूध आणि भात-वरण बंद करू नका. डोळे खोल गेले, पोटाची कातडी चिमटीत धरून सोडली तरी हळू बसते, रक्त पडतं, लघवी सहा तास नाही, यापैकी काहीही दिसलं तर दवाखाना.

सिकलसेलचं मूल

पूर्व विदर्भात हा भाग वगळून चालणारच नाही. थंडी, ओलं अंग, पाणी कमी पिणं, ताप आणि दमणूक या पाचही गोष्टींनी सिकलसेलच्या मुलाचा दुखण्याचा झटका सुरू होतो, आणि स्थलांतरात या पाचही एकत्र येतात. अशा मुलाला वाहनात आधी बसवा, पाण्यातून चालवू नका. फॉलिक अॅसिड आणि चालू असेल तर हायड्रॉक्सियुरिया यांचा किमान १५ दिवसांचा साठा पिशवीत हवा. तासातासाला पाणी पाजा, तहान लागायची वाट पाहू नका. संडासात जायची लाज किंवा भीती वाटते म्हणून ही मुलं पाणी टाळतात, त्यावर बोलून सोय करा. हातापायांचं दुखणं ‘नाटक’ समजू नका. ताप १०१ च्या वर, छातीत दुखणं, धाप, अचानक पांढरं पडणं किंवा पोटात डाव्या बाजूला फुगणं दिसलं तर रात्र काढू नका.

रात्री

शाळेच्या फरशीवर झोपलेल्या मुलाला मण्यार चावली तर बहुतेकदा ते जागंही होत नाही. चावा दुखत नाही, खूण दिसत नाही. पहाटे पोटात दुखतं, मग पापण्या मिटायला लागतात, गिळता येत नाही. अशा खुणा दिसल्या की साप दिसला नाही म्हणून थांबू नका. मांत्रिक नको, चीर नको, आवळून बांधणं नको. मुलाला हलू न देता रुग्णालयात न्या. प्रतिविषाची मात्रा लहान मुलाला मोठ्यांइतकीच लागते. वजन कमी म्हणून कमी द्यायची नसते. बचाव मात्र सोपा आहे: बाक जोडून त्यावर झोपवा, नाहीतर मच्छरदाणी गादीखाली चहूबाजूंनी खोचा. त्याच मच्छरदाणीने हिवतापही टळतो. गडचिरोलीकडे तापाच्या प्रत्येक मुलाची रक्ततपासणी त्याच दिवशी आशाताईकडून करून घ्यावी.

खोलीबाहेर आणि संडासाच्या वाटेवर रात्रभर दिवा हवा. मुली अंधारात जायचं टाळतात, लघवी दाबून ठेवतात आणि मग जळजळ, ताप सुरू होतो. मोठ्या मुलींसोबत नेहमी एक ओळखीची बाई जावी.

मनावरचे परिणाम कसे ओळखायचे

पाच-सहा वर्षांची मुलं बोलून दाखवत नाहीत, मागे जातात. सुटलेलं अंगठा चोखणं पुन्हा सुरू होतं, बोबडं बोलतात, आईचा पदर सोडत नाहीत, अंथरूण ओलं करतात. शाळकरी मुलांचं पोट आणि डोकं दुखतं, टिनावर पाऊस वाजला की दचकतात, पुन्हा पुन्हा पुराचाच खेळ खेळतात. तेरा-चौदाच्या पुढची मुलं गप्प होतात, चिडतात, नाहीतर आपल्यामुळेच काहीतरी राहून गेलं असं मनात धरून बसतात. हे सगळं आजार नव्हे. बहुतेक मुलं काही आठवड्यांत सावरतात, त्यांना ठरलेला दिवस मिळाला तर.

ठरलेला दिवस म्हणजे नेमकं काय? उठायची, अंघोळीची, जेवायची वेळ रोज तीच. सकाळी अंगणवाडीताईने दोन तास निवाऱ्याच्या एका कोपऱ्यात मुलं बसवायची: गाणी, चित्रं, लगोरी. झोपायची जागा आणि शेजारी झोपणारं माणूस रोज तेच. मोबाइलवरचे पुराचे व्हिडिओ मुलांसमोर बंद. अंथरूण ओलं झालं तर ताडपत्रीचा तुकडा खाली घाला, रात्री एकदा उठवा, सकाळी चारचौघांत बोलू नका. मुलगा स्वतःहून सांगायला लागला तर हातातलं काम ठेवून ऐका. ‘सांग बाळा, काय काय झालं’ असं प्रत्येक भेटायला आलेल्या पाहुण्यापुढे आणि कॅमेऱ्यापुढे वदवून घेणं मात्र थांबवा. जबरदस्तीने पुन्हा पुन्हा सांगायला लावल्याने जखम भरत नाही, ती ओलीच राहते.

रात्री पंचनामा, कर्ज, दुबार पेरणी यावर मोठ्यांचं बोलणं चालतं, तेव्हा ‘झोपलेली’ पोरं जागी असतात. बोलायचं तर बाहेर जाऊन बोला, आणि सकाळी मोठ्या मुलाला खरं तेवढं सांगा: नुकसान किती, पुढचे दोन महिने कसे काढणार. पुरात भिजलेले कीटकनाशकांचे डबे घरात किंवा निवाऱ्याजवळ उघडे ठेवू नका, कुलपात ठेवा. लहान मूल चुकून पितं आणि खचलेलं मोठं मूल मुद्दाम पिऊ शकतं.

मरण्याबद्दल बोलणं, स्वतःला इजा करणं, दोन दिवस अन्नपाणी सोडणं, यात थांबायचं नाही, त्याच दिवशी डॉक्टर. बाकीची लक्षणं महिनाभरानेही तशीच असतील किंवा शाळा सुटत असेल तर टेलि-मानसचा १४४१६ हा नंबर लावा. तो २४ तास चालतो, मराठीत बोलता येतं, पैसे लागत नाहीत. जिल्हा रुग्णालयात मानसोपचाराचा विभाग असतो.

परत जाताना

पाणी ओसरल्यावर मुलांना लगेच घरी नेऊ नका. मातीच्या भिंती पाण्यात उभ्या राहतात आणि वाळताना पडतात, कधी तीन-चार दिवसांनी. आधी मोठ्यांनी जाऊन भिंती ठोकून बघाव्या, मेलेली जनावरं पुरावी, कोपऱ्यांतले आणि सरपणातले साप-विंचू बघावे, विजेचा मेन बंद असल्याची खात्री करावी. विहिरीत टीसीएल पडल्याशिवाय पाणी वापरू नये. भिजलेलं, काळं पडलेलं धान्य मुलांना घालू नये.

मग मुलाला न्या, आणि दारात उभं राहून आधी सांगा की आत काय दिसणार आहे: चूल नाही, भिंतीवर इथपर्यंत ओल आहे, तुझी वही गेली. त्याला एक कोपरा स्वतः धुवायला द्या, पायांत बूट घालून. शाळा शक्य तितक्या लवकर सुरू व्हावी, पुस्तकं आली नसली तरी. मुख्याध्यापकांकडे वाहून गेलेल्या पुस्तकांची आणि गणवेशाची यादी त्याच आठवड्यात लेखी द्या.

अंगणवाडीताईकडून सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलांचा दंडघेर निवाऱ्यातच मोजून घ्या, मग महिन्याने आणि दोन महिन्यांनी पुन्हा. साडेअकरा सेंटिमीटरच्या खाली गेलेलं मूल तीव्र कुपोषित आहे, त्याच दिवशी प्राथमिक आरोग्य केंद्रात न्यायचं. साडेअकरा ते साडेबारामधल्या मुलाला वाढीव आहार आणि दर आठवड्याला वजन. चुकलेली लस, विशेषतः गोवर-रुबेलाची, याच भेटीत द्यायला सिस्टरला सांगा, आणि मोजताना ताईंनी आईला एक प्रश्न जरूर विचारावा: रात्री झोपतं का?